बाळंतिणीची जागा



पापड-कुरडयांचे दिवस आले म्हणून गेल्या आठवड्यात पत्र्याचे डबे काढायला माळ्यावर चढले. वय झालंय, शिडी धरायला सून खाली उभी. डब्यांच्या मागे जुन्या जमाखर्चाच्या वह्यांचं खोकं आहे. त्यात एक मांजर बसली होती. पांढरी, पाठीवर पिवळे ठिपके, आणि पोट एवढं मोठं की आज-उद्याच व्यायला झालेली. ती फिस्कारली नाही की पळाली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

खालून सून म्हणाली, "आई, तिथे व्याली तर सगळीकडे घाण होईल. दुकानातल्या पोराला सांगू का? पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येईल."

ती वाईट मनाने बोलली नाही. पण माझ्या हातातला डबा तसाच राहिला. हेच वाक्य आमच्या घरात चोवीस वर्षांपूर्वी एकदा बोललं गेलं होतं, आणि तेव्हा ते बोलणारी मी होते.

आज मांजरीचं निमित्त करून आपल्या जुन्नर-आंबेगावचा थोडा इतिहास लिहिते आहे. मांजरीच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे बिबट मादीचाही तो इतिहास आहे. माझं माहेर घोडेगाव आणि सासर नारायणगाव, त्यामुळे दोन्ही तालुके माझेच.

पोत्यातली मनी

२००२ सालची गोष्ट. आमचं किराणा दुकान आणि मागे घर. धान्याच्या कोठीत उंदीर होते म्हणून सासूबाईंनी एक मांजर राहू दिली होती. तिला आम्ही मनी म्हणायचो. त्या वर्षी मनी गाभण राहिली आणि तिने जागा निवडली ती नेमकी कोठीतली, पोत्यांच्या थप्पीमागची. मला ते चालेना. नवी बी.कॉम. नव्हते, पण दुकानाचा हिशेब मीच बघायची आणि माल खराब होण्याची धास्ती मलाच जास्त. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला उठवू नये." मी ऐकलं नाही. दुकानातल्या मुलाला सांगितलं, त्याने तिला पोत्यात घातलं आणि सायकलवरून मीना नदीच्या पलीकडे लांब सोडून आला.

चौथ्या दिवशी मनी परत आली. पाय रक्ताळलेले, पोट रिकामं आणि लोंबतं, आचळांना दूध. पिलं कुठे झाली, कुठे राहिली, कुणालाच ठाऊक नाही. आठ दिवस ती कोठीत, अंगणात, गच्चीवर ओरडत फिरली. रात्री तो आवाज ऐकून मी उशीत तोंड घालायची. मग ती गप्प झाली. पण त्यानंतर जवळ आली नाही. आधी पायात घोटाळणारी मांजर, आता हात पुढे केला की ओरबाडायची. एकदा माझ्या धाकट्या मुलाला तिने बोचकारलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिची चूक नाही."

त्याच वर्षी आमच्या सगळ्या परिसरात बिबट्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या बातम्या रोज येत होत्या. संध्याकाळी सहानंतर शेताकडचे रस्ते ओस पडायचे. मनीची गोष्ट आणि ही गोष्ट मुळात एकच आहे, हे कळायला मला पुढे फार वर्षं लागली.

आसरा देणारा मुलूख

आपल्या जुन्नरला बाळंतिणीला आसरा देण्याची जुनी सवय आहे. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव मारले गेले. त्यांची लेक जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. माहेर असं उद्ध्वस्त झालेलं, शहाजीराजे लढायांच्या धामधुमीत. अशा वेळी त्या माउलीसाठी जागा शोधली गेली ती आपल्या जुन्नरची, शिवनेरी किल्ल्याची. भक्कम तट, पाण्याची टाकी, भरवशाची माणसं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तिथे काय घडलं ते शाळेतलं पोर सांगेल. मी तुलना करत नाही, कुणाची कुणाशी होणारही नाही. पण पोटुशी बाई आधी जागा बघते, एवढं त्यातून घ्यावं.

शिवनेरी बघायला सगळेच जातात. मानमोडीच्या डोंगराकडे मात्र आपल्यापैकी थोड्याच जणी गेल्या असतील. जुन्नर शहराच्या दक्षिणेला तो डोंगर आहे आणि त्यात लेण्यांचे तीन समूह आहेत. मुळात ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, दोन हजार वर्षांच्या आसपासची. त्यांतल्या एका समूहाला अंबिका लेणी म्हणतात. पुढच्या काळात तिथल्या एका लेण्यात जैन मूर्ती आल्या आणि अंबिकेचं नाव त्या समूहाला चिकटलं.

अंबिका म्हणजे आपल्या बाविसाव्या तीर्थंकर नेमिनाथ भगवंतांची शासनदेवी. तिची कथा लहानपणी आजीने सांगितली असेलच. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, दाराशी मुनी आले, तिने आधी त्यांना वहोरावलं. त्यावरून घरात भांडण झालं आणि नवऱ्याने तिला दोन लहान मुलांसह बाहेर काढलं. रानात मुलांना तहान लागली तर कोरडं तळं भरलं, भूक लागली तर आंब्याला अवेळी फळ आलं. नवरा पस्तावून मागे धावला, पण तोवर उशीर झाला होता. ती देवी झाली आणि तो तिचं वाहन, सिंह. म्हणून अंबिकेच्या मूर्तीत मांडीवर मूल, हातात आंब्याची डहाळी आणि पायाशी सिंह. घराबाहेर काढलेल्या आईच्या पायाशी मार्जारकुळातलं एक मोठं जनावर शांत बसलेलं आहे.

आणि नेमिनाथ भगवंत! लग्नाची वरात निघालेली, राजुल वाट बघतेय, आणि वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आकांत कानी आला. ही का कोंडलीत असं विचारलं, लग्नाच्या जेवणासाठी हे उत्तर मिळालं आणि रथ गिरनारकडे वळला. पिंजऱ्यातल्या आवाजाने एका माणसाचं आयुष्य बदलल्याची ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. जुन्नरमध्ये राहणाऱ्या आपल्याला ती जरा जास्तच लागू पडते. का, ते पुढे सांगते.

धरणं आली, ऊस आला

इंग्रजांच्या काळात बिबट्या मारला की सरकार बक्षीस देई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या कागदपत्रांवरून आकडे मांडले आहेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात बक्षिसासाठी ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बिबट्याला मारणं गुन्हा ठरला.

त्याच सुमाराला आपल्याकडे दुसरा मोठा बदल होत होता. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं एकामागून एक उभी राहिली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गाव गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. माझ्या लहानपणी बाजरी, ज्वारी, हरभरा हीच पिकं. पाणी आलं आणि शिवारं हिरवीगार झाली. ऊस वाढला, जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. घरं पक्की झाली, मुलं शिकली, आपली दुकानंही त्याच पैशावर चालली. म्हणून उसाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण ऊस म्हणजे काय, ते बिबट मादीच्या डोळ्यांनी बघा. पुरुषभर उंचीचा दाट आडोसा, आत गारवा, पाटाला पाणी. बाजूला वस्ती, वस्तीत कुत्री, शेळ्या, कोंबड्या. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, तोवर आत माणूस फारसा शिरत नाही. मांजरीचे गर्भाचे दिवस ६३ ते ६५, तर बिबट मादीचे ९० ते १०५. तिला एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिलं होतात. आठ-दहा दिवस त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि पुढे वर्ष-दीड वर्ष ती आईबरोबर राहतात. म्हणजे उसाचं आयुष्य आणि पिलांचं बालपण जवळपास सारखंच. असं घर तिला आपणच बांधून दिलं, न विचारता. आज उसात जन्मलेल्या मादीची आई आणि आजीसुद्धा उसातच जन्मलेली असू शकते. 'यांना जंगलात सोडा' असं आपण सहज म्हणतो, पण तिचं माहेर ऊसच आहे.

चारचे सतरा

आता मनीच्या पोत्याकडे परत येते. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले. लोकांचा दबाव होता आणि हेतू चांगलाच होता. त्यांतले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर, जवळच्या जंगलांमध्ये नेऊन सोडले. सगळ्यांना वाटलं, आता सुटलो.

पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो २०११ साली एका नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकात छापून आला. मी कॉमर्सची, आकडे दिसले की आधी बेरीज करते. हे आकडे असे आहेत. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार. पकडून दूर सोडणं सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये वर्षाला सरासरी सतरा. हे हल्ले जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास जास्त होते, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट होऊन शेकडा ३६ वर गेलं. चारचे सतरा! दुकानात असा तोटा आला असता तर दुसऱ्याच महिन्यात आम्ही धंद्याची रीत बदलली असती.

कारण समजायला अवघड नाही. अनोळखी रान, तिथे आधीच दुसऱ्या बिबट्यांचं राज्य, खाणं कुठे मिळतं ठाऊक नाही, आणि पकडताना झालेल्या जखमा. मादी असेल तर मागे राहिलेली पिलंही. मनी माझ्या मुलाला का ओरबाडत होती, ते मला या आकड्यांनी सांगितलं.

शिवाय सोडलेलं जनावर सोडलेल्या जागी राहतं असंही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या बाहेर काढला, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि आपल्या माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईजवळच्या जंगलात गेला. रेल्वेचे रूळ, महामार्ग, खाडी सगळं ओलांडलं, वाटेत एकाही माणसाला त्रास दिला नाही. त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. २०१४ साली उर्मिला मातोंडकरचा त्याच नावाचा सिनेमा आला, तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल. खरा आजोबा त्याआधीच, २०११ मध्ये रस्त्यावरच्या गाडीखाली गेला होता.

क्रेट आणि कॅमेरा

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. जखमी, म्हातारे, माणसावर हल्ला केलेले किंवा लहानपणीच आईपासून तुटलेले बिबटे तिथे पिंजऱ्यात असतात. त्यांतले पुष्कळ पुन्हा कधीच बाहेर जाणार नाहीत. माणसाच्या हाताने वाढलेल्या पिलाला शिकार येत नाही आणि माणसाचं भय राहत नाही, म्हणून त्याला जन्मभर कैद. नेमिनाथ भगवंतांच्या कानी आला तो आवाज आपल्या गावापासून इतका जवळ आहे.

पण याच केंद्राच्या डॉक्टरांनी आणि वनविभागाच्या माणसांनी एक शहाणी रीत बसवली. डॉ. अजय देशमुख यांच्यासारख्या पशुवैद्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं रात्री शेतात काढल्या. दिवाळीच्या आसपास तोड सुरू होते आणि उसात पिलं सापडू लागतात. पूर्वी लोकांना वाटायचं, आईने टाकली. कुणी घरी न्यायचं, कुणी फोटो काढायचं, गर्दी जमायची. आई तर शिकारीला गेलेली असते, किंवा जवळच दडून बघत असते. माणसं आहेत तोवर ती येत नाही, एवढंच.

आता काय करतात? पिलं तपासतात. अंगावर गोचीड, जखम असेल तर औषध देतात. ओळखीसाठी कातडीखाली बारीकशी चिप बसवतात. मग संध्याकाळी नेमक्या सापडल्या जागीच, भाज्यांसाठी वापरतो तशा क्रेटमध्ये त्यांना ठेवतात. आजूबाजूला कॅमेरे लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. अंधार पडला की आई येते. वास घेते, क्रेट पाडते आणि मानगुटीला धरून एकेक पिलू घेऊन जाते. एक नेलं की काही वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. तो व्हिडिओ पहिल्यांदा बघताना माझ्या तोंडून निघालं, "अगं, ही तर आपली मनी!" मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात ना, तस्संच.

यात फक्त पिलांचं भलं नाही. पिलं हरवलेली मादी त्याच शिवारात घुटमळते, चिडलेली असते आणि तिथे काम करणाऱ्या माणसांना तिच्यापासून धोका असतो. पिलं मिळाली की ती त्यांना घेऊन दुसरीकडे निघून जाते. म्हणजे आईला पिलू परत देणं ही दया तर आहेच, पण शेतकऱ्याचं संरक्षणही आहे. दोन्ही खात्यांत जमा.

कोयता

आता दुसरी बाजू लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. पक्क्या घरात बसून जीवदयेवर लिहिणं सोपं आहे.

ऊस तोडायला मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या बायकांना तोडीच्या दिवसांत दिवस गेले तर विसावा नसतो. पोट पुढे आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन चालताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. रात्री पाचटाच्या कोपीत झोपणं, कोपीला दार नाही, अंधारात उघड्यावर जाणं. एकाच शेतात एका टोकाला पोटुशी बाई कोयता चालवते आणि दुसऱ्या टोकाला बाळंतीण बिबट मादी पिलांना चाटत असते. दोघींनाही जागा नाही. बळी जातात ते बहुतेक वेळा अशा वस्तीवरच्या, उघड्यावरच्या पोरांचे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला लहान मुलं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांनी रस्ते अडवले. त्या आयांसमोर उभं राहून 'परस्परोपग्रहो जीवानाम्' म्हणायची माझी हिंमत नाही, आणि कुणी म्हणूही नये. तिथे जो बिबट्या माणसं मारायला सोकावला होता, त्याचा बंदोबस्त सरकारने केला. मादी बिबट्यांचं जन्मनियंत्रण करून बघावं अशी योजनाही त्यानंतर पुढे आली.

माझं म्हणणं एवढंच, की राग आला म्हणून पोत्यात घालून नदीपलीकडे सोडण्याची चूक पुन्हा नको. चारचे सतरा आपण एकदा भोगलेत. त्यापेक्षा कोपीला दार, वस्तीवर दिवा, घराजवळ संडास, रात्री गोठा बंद, गावाजवळचा उकिरडा आणि मोकाट कुत्री कमी, यावर पैसा खर्च व्हावा. आपल्या संघात जीवदयेसाठी बोली लागतात, फंड जमतात. त्यातला काही वाटा ऊसतोड वस्तीवरच्या सौरदिव्यांना आणि पत्र्याच्या दारांना गेला तर तीही जीवदयाच. त्या दाराने मूल वाचेल, आणि मूल वाचलं तर बिबट्याही वाचेल. येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मांडा.

आपल्याच पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी बांधव दिवाळीत वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात. आपण गाय-वासरू पुजतो, ते वाघोबालाही नैवेद्य दाखवतात. भीती त्यांनाही आहे, गुरं त्यांचीही जातात. पण शेजारी म्हणून वाघाला त्यांनी मान दिला आहे. आपल्या देरासरातलं समवसरणाचं चित्र आठवा. गाय आणि सिंहीण एकाच भांड्यात पाणी पितात, वासरू सिंहिणीला लुचतं आणि छावा गाईला. ते चित्र मला नेहमी फार लांबचं वाटायचं. हल्ली वाटतं, निदान दोघींनी आपापल्या अंतरावर राहून पाणी प्यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

माळ्यावरची मांजर

तर सुनेला मी काय म्हटलं? शिडीवरून उतरले, तिला मनीची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने स्वतःच जुनी सुती साडी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, ही खोक्यात घालू या?"

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही जे केलं ते लिहिते. तिने निवडलेली जागा बदलली नाही, फक्त खाली मऊ सुती कापड घातलं. माळ्यावर दिवा लावणं, डोकावणं, पोरांना दाखवणं बंद. जवळ पाण्याची वाटी, रोज ताजी. पोट दाबून बघायचं नाही, उचलायचं नाही, मनाने कुठलं औषध द्यायचं नाही. वेणा सुरू होऊन बराच वेळ झाला आणि पिलू येत नसेल तरच डॉक्टर. झाल्यावर काही दिवस पिलांना हात लावायचा नाही, त्रास झाला तर ती पिलं उचलून दुसरीकडे नेते.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरात अवघड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मांजर मांसाहारीच आहे, टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातूनच मिळतं, दूध-भातावर भागत नाही, आणि मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचतही नाही बऱ्याचदा. आपल्याकडे हा वाद जुना आहे. मांजरीच्या तोंडचा उंदीर सोडवावा का? १७६० साली आचार्य भिक्षूंनी तेरापंथ सुरू केला, तेव्हाही दया-दानाचा प्रश्न मोठाच होता. मी पंडित नाही. माझ्या स्वयंपाकघरात मासळी येणार नाही, पण शेजारच्या वहिनींच्या दाराशी तिचं पोट भरतं, हे मला ठाऊक आहे आणि मी तिला तिकडे जाताना अडवत नाही. तिला मी पोसते असं म्हणणार नाही. मी तिला जागा देते.

पिलं दूध सोडून खायला लागली की डॉक्टरांकडे नेऊन तिची नसबंदी करून घेणार आहे. काही मैत्रिणींना हे पटणार नाही, मुक्या जीवाला भूल देऊन कापायचं म्हणून. मलाही जड जातं. पण दरवर्षी दोनदा पिलं आणि दरवर्षी पोतं, यापेक्षा ते बरं, असा माझा हिशेब आहे.

परवा पहाटे माळ्यावरून बारीक चीं चीं ऐकू आली. किती आहेत ते मी मोजलं नाही. आज महावीर जयंतीसाठी चौदा स्वप्नांची जुनी तसबीर पुसायला काढली. त्रिशलामातेला पडलेल्या स्वप्नांत तिसरा सिंह आहे, आणि भगवंतांचं लांछनही सिंहच. कल्पसूत्रात आहे, आपल्या हालचालीने आईला त्रास नको म्हणून भगवंत पोटात निश्चल राहिले. पण आईला वाटलं बाळ गेलं, ती शोक करू लागली, तेव्हा ते हलले आणि आईबाप आहेत तोवर घर सोडणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांनी पोटात असतानाच आईचं मन जपलं, त्यांची आपण लेकरं.

उसात पिलू दिसलं तर उचलू नका, कुणाला उचलू देऊ नका, गर्दी हटवा आणि वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवा. तुमच्या शेतात वाट्याने ऊस करणाऱ्यांना, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, कामाला येणाऱ्या बायकांना हे सांगा. माळ्यावर मांजर दिसली तर शिडी हळूच काढून घ्या.

मनीची क्षमा मागायची राहिली होती. आज लिहून मागते. मिच्छामि दुक्कडम्.